पुष्पाअक्काचं कडवं

(जळगाव. पिकातला वाटा देवाला वाहायची हंगामाची उपासना संपून मंडळी घरी गेली आहे. चर्चच्या मंचावर प्रेमराज वायरी गुंडाळतो आहे. पुष्पाअक्का अजून माइकपाशीच उभ्या आहेत.)

पुष्पाअक्का : माइकची बॅटरी उतरली म्हणतोस, मग मला तरी कसा ऐकू आला असता माझा आवाज? मला तर चांगला ऐकू येत होता.

प्रेमराज : माइकचं असंच असतं अक्का. मध्येच जातो, मध्येच येतो. उद्या उघडून बघतो मी. तुम्ही जा घरी, काका जेवायचे थांबले असतील.

पुष्पाअक्का : ते थांबतील. तू ती वायर ठेव बरं खाली. मी बोलतेय आणि तू आपला गुंडाळतोच आहेस.

प्रेमराज : ठेवली. बोला.

पुष्पाअक्का : माझा भाऊ तोताराम आला होता आज. शेवटच्या बाकावर, टोपीवाला.

प्रेमराज : बघितलं ना. केळीचा घड आणला तेच? टेबलावर सगळ्यात मोठा त्यांचाच होता. पाळकसाहेब दोनदा म्हणाले तसं.

पुष्पाअक्का : भडगावहून एसटीत मांडीवर धरून आणला त्याने. कंडक्टर म्हणे खाली ठेवा, तर हा म्हणे देवाचा आहे, पायाशी कसा ठेवू. तुला माहीत नसेल प्रेमराज, मी ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं तेव्हापासून माहेरी मला कोणी हाक मारली नाही. बाबा वारले तेव्हा मी ओट्यापर्यंत गेले आणि ओट्यावरूनच परत आले. हा नानाच गेल्या वर्षी पाचोऱ्याला एका लग्नात भेटला आणि आपणहून बोलला. आता काय सांगावं भावाला इतक्या वर्षांनी? मी म्हटलं, नाना, मी आमच्या मंडळीत माइकवर गाते. लहानपणी मी हळदीला गायचे ना, हा पेंगत पेंगत पण बसून राहायचा. म्हणाला, येईन एकदा ऐकायला. म्हणून तर पाळकसाहेबांच्या मागे लागून एक कडवं एकटीसाठी मागून घेतलं मी.

प्रेमराज : हो. त्यांनी सांगितलं होतं मला.

पुष्पाअक्का : उपासना सुटल्या सुटल्या मी त्याच्याकडे गेले, तर तो चपला घालत होता. घरी चल, भरीत-भाकरी केलीय म्हटलं, तर बघेना माझ्याकडे. म्हणाला, "पुष्पा, तो आवाज तुना नही शे. दुसरी बाई गाये आन तू नुसतं तोंड हालाये. माले इतलं दूर काब्र बलावं?" आणि गेला.

प्रेमराज : असं म्हणाले ते?

पुष्पाअक्का : त्याला वाटलं, मी दुसरीचा गळा माझा म्हणून दाखवला. मोठेपणा मिरवायला बोलावलं त्याला. मी खोटी ठरले रे त्याच्यापुढे. आता तू सरळ सांग. माझा आवाज बाहेर गेला की नाही?

प्रेमराज : नाही गेला.

पुष्पाअक्का : मग मला कसा ऐकू आला?

प्रेमराज : तुमच्या पायाशी हा तिरका स्पीकर ठेवलेला असतो ना, तो फक्त आपल्यासाठी. मंडळीला भिंतीवरचे ते दोन मोठे ऐकू येतात. ह्या आवाजाच्या मिक्सरवर दोन्हीकडचं वेगळं ठेवता येतं. तुमचा माइक ह्याच्यात चालू होता. तिकडे बंद होता.

पुष्पाअक्का : चुकून राहिला का?

प्रेमराज : तसंच समजा.

पुष्पाअक्का : मी काही समजणार नाही. तू सांग. चुकून की मुद्दाम?

प्रेमराज : मुद्दाम.

पुष्पाअक्का : आजच?

प्रेमराज : दिवाळीपासून.

पुष्पाअक्का : दिवाळीपासून. मग नाताळाला मी ती निळी साडी नेसून, एवढ्या लोकांपुढे...

प्रेमराज : तेव्हाही बंदच होता.

पुष्पाअक्का : अरे, त्या दिवशी माझ्याबरोबर गाणाऱ्या ज्योत्स्नाने माझा हात धरला होता. अक्का, किती छान झालं म्हणाली. तिला ठाऊक होतं?

प्रेमराज : बँडमधल्या सगळ्यांनाच होतं. पाळकसाहेबांना नाही.

पुष्पाअक्का : आणि मी शनिवारी आपली सगळ्यांच्या आधी सरावाला येते.

प्रेमराज : म्हणूनच तर तोंड उघडेना ना माझं. तुम्ही येता, सतरंज्या झटकता, आमच्यासाठी शेव-मुरमुरे घेऊन येता. तुम्हाला कसं म्हणू की वरच्या पट्टीत तुमचा सूर राहत नाही? तुमचं ऐकून ज्योत्स्नाही घसरते. मला वाटलं, अक्कांना त्यांचं ऐकू येतंय, त्या खूश आहेत, मंडळीही खूश आहे. कोणाचं काय बिघडलं.

पुष्पाअक्का : बरं, ते एक झालं. पण आज एकच कडवं होतं. तेवढं तरी उघडायचं होतंस.

प्रेमराज : हात नेला होता मी मिक्सरवर. खरंच नेला होता. पण पुढच्या बाकावर धुळ्याची पाहुणेमंडळी बसलेली. त्यांच्या मेळाव्यात गिटारवर मला घ्यायचं का, तेच बघायला आले होते. हात मागे घेतला आणि तुमच्या मागे उभ्या ज्योत्स्नाला मानेने खूण केली, तू गा म्हणून. तुमच्या पायाशी तुमचाच आवाज मोठा होता, तिचा तुम्हाला कळला नाही. मला लाज वाटली.

पुष्पाअक्का : माझी?

प्रेमराज : तेव्हा तुमची. आता तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही मला.

पुष्पाअक्का : घेतलं का त्यांनी?

प्रेमराज : घेतलं. पण मी नाही म्हणून सांगतो त्यांना.

पुष्पाअक्का : जा नाहीतर नको जाऊ, ते तुझं तू बघ. तू तिकडे नाही गेलास म्हणून माझा भाऊ काही परत येत नाही. त्याचं काय करायचं ते बोल.

प्रेमराज : मी फोन करतो त्यांना. खरं काय ते सांगतो.

पुष्पाअक्का : काय सांगशील? तुमची बहीण इतकी वाईट गाते की तिचं तोंड बंद करावं लागलं?

प्रेमराज : मग माइक बिघडला होता म्हणून सांगू? आणि ज्योत्स्नाने सांभाळून घेतलं असं. ते पटेल त्यांना.

पुष्पाअक्का : नको. आणखी एक खोटं नको आता. त्याला माझा गळा फार गोड वाटायचा रे. साऱ्या गावात असा नाही म्हणायचा. तेवढं एक राहिलं होतं त्याच्याजवळ माझं, ते पण जाईल. जाऊ दे. लाव फोन, हा घे नंबर. पण मी इथे आहे हे बोलू नको. आणि मोठ्याने लाव, मला ऐकायचंय.

प्रेमराज : हॅलो, नाना? मी चर्चमधून प्रेमराज बोलतोय. गिटार वाजवत होतो तो.

तोताराम : चश्मावाला पोऱ्या ना? बोल भाऊ. मी स्टँडवर शे, गाडी आजून लागनी नही.

प्रेमराज : नाना, आज अक्का खरोखर गात होत्या. मीच त्यांचा आवाज बंद करून ठेवला होता. त्यांना ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दुसरीला गायला मीच सांगितलं.

तोताराम : काब्र?

प्रेमराज : त्या सुरात गात नाहीत म्हणून. पाहुणे होते, मला लाज वाटली. तुम्ही त्यांना बोललात ते मला बोला. चूक माझी आहे.

तोताराम : सुरमा नही गात?

प्रेमराज : नाही नाना.

तोताराम : आरे, ते तू माले काय सांगस? ती धाकलपनपासून अशीच गास. हळदमा ती गावाले लागनी का बठ्ठ्या बाया पदर तोंडवर लिसन हासेत. माले तोच आवाज ऐकना व्हता. त्येनाकरता तर मी येल व्हतू.

पुष्पाअक्का : नाना.

तोताराम : तू तठेच शे का?

पुष्पाअक्का : बाया हासेत? माले कोनीच कसं सांगं नही?

तोताराम : तू इतली खुशीमा गाये. कोन सांगी तुले?

पुष्पाअक्का : नाना, जेवन करीसन जाय ना. भरीत तसंच पडेल शे.

तोताराम : येस. रिक्शा करस आन येस. मी तुले उलटंसुलटं बोलनू, ते मनमा ठेवू नको. आन पहिले ते कडवं म्हन, मंग जेवूत.

पुष्पाअक्का : ये. इथेच थांबते मी.

प्रेमराज : अक्का, पाणी आणू का?

पुष्पाअक्का : नको. मला आपलं वाटायचं, मी गायला लागले की सगळ्या माझ्याकडे बघतात ते आवडतं म्हणून. साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि मला एकटीलाच नाही. इथेही तसंच.

प्रेमराज : मी लावतो सगळं परत. ते येईपर्यंत होईल. तुम्ही म्हणाल ती पट्टी धरतो, हळू वाजवतो, तुमच्या मागे मागे येतो. कुठून सुरू करू सांगा.

पुष्पाअक्का : तू वाजवू नको. नुसता माइक चालू ठेव.