चूक म्हणू नकोस

हॅलो?… बोल गं ठमे… नाही, कामात कसली, प्रूफं वाचत बसलेय. बोल.

काय म्हणाल्या शेजारच्या काकू?… बरं… मग?

मोठीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. आईला जाऊन महिना झाला होता. धाकट्या बहिणीचा हा फोन कधीतरी येणार, हे तिला ठाऊक होतं.

हो… खरं आहे ते. शेवटचे तीन दिवस आई तुझंच नाव घेत होती… शुद्धीवर होती, हो. चांगली बोलत होती.

नाही गं, लागत नव्हता असं नाही. मी फोन लावलाच नाही.

ऐक ना… अगं ऐक. गडबडीत राहून नाही गेलं. तूच मला पळवाट काढून देऊ नकोस… चूक? चूक म्हणू नकोस तिला. बावीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुकाच काढतेय मी. पहिलीची दुसरी वेलांटी होते, ती चूक. करणाऱ्याला पत्ताही नसतो. मी फोन हातात घेतला होता, ठमे. तुझा नंबर काढला. आणि ठेवून दिला.

का म्हणजे… सात वर्षं तिचं सगळं अंथरुणात मी केलं. आणि डोळे दाराकडे लागले ते तुझ्यासाठी. नुसती जळले गं मी…

पाप? नको, पापही नको. पाप म्हटलं की वरच्याशी हिशोब. तो काय, दिसतोय कुठे? अपराध म्हण. अपराध माणसाचा करतात. मी तुझा केला. आणि तिचा.

तिला काय सांगितलं?… नको ना विचारूस ते…

बरं. सांगितलं तिला, ठमीला कळवलंय, तिला रजा मिळत नाहीये म्हणून.

पलीकडून पुढचा प्रश्न आला, त्यावर आई काय म्हणाली?

ती काय म्हणणार… म्हणाली, ‘मग सारखा फोन करू नकोस तिला. तिकडे एकटी आहे, जीव टांगणीला लागेल पोरीचा.’

ठमे?… रडतेस?… बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर, पण बोल…

अगं…

हॅलो?… ठेवलास?