सुधारलेली रायफल

काउको : लाथ मारू नकोस त्या रायफलला.

इल्मो : लाथ नाही मारली. पाय लागला.

काउको : असा मागे नेऊन, नेम धरून लागला? एवढा नेम मघाशी धरला असतास तर पास झाला असतास.

इल्मो : काउकोआजा, आत्ता नको हां. डोकं फिरलंय माझं. दोनदा नापास! आणि कुणासमोर? लाकडाच्या मूससमोर. घोड्याएवढं हरणाचं धूड, पंच्याहत्तर मीटरवर उभं. पळत नाही, वळत नाही, कानसुद्धा हलवत नाही. नव्वद सेकंद आपलं माझ्याकडे बघत बसलंय. चार गोळ्या छातीवरच्या वर्तुळात घालायच्या, बास. मी किती घातल्या? एक.

काउको : पहिल्या वेळी दोन होत्या.

इल्मो : म्हणजे प्रगती उलटी. शाळेत पण हेच होतं माझं.

मार्केता : शाळेचं नाव मी काढलेलं नाही, याची नोंद घे.

इल्मो : बाई, तुम्ही वहीत लिहा फक्त. पाचवीत मला नापास करून तुमचं मन भरलं नाही, म्हणून म्हातारपणी या जुन्या खडीच्या खाणीत येऊन शिकाऱ्यांची नेमबाजीची परीक्षा घेताय.

मार्केता : पाचवीत मी तुला पास केलं होतं. चूक माझीच. शेवटची तुकडी चाळीस मिनिटांनी आहे. यंदाची शेवटची. नंतर मी फळा पुसून घरी जाणार.

इल्मो : आणि परवा शनिवारी शिकार सुरू. आजोबांची खडकाजवळची जागा त्या हेलसिंकीवाल्याला. आपल्या शिकारटोळीच्या मुखियाचा मेव्हणा. त्याच्या रायफलला एवढी मोठी दुर्बीण आहे, त्यातून त्याला मूसच्या पोटातलं गवत दिसतं.

काउको : पास झाल्याचं कार्ड नसलं तर जागा नाही, हा नियमच आहे. एकोणतीस वर्षं तुझा आजोबा, माझा दोस्त ओस्मो त्या खडकापाशी उभा राहिला. त्याच्या मागे कोण, ते उद्या संध्याकाळी ठरेल. ज्याच्या हातात कार्ड, तो.

इल्मो : आणि माझ्या हातात पळी. वाटाण्याचं सूप ढवळायचं. मोठे लोक शिकार करून येणार, मी विचारणार, "अजून एक वाटी?"

काउको : सूप तरी जाळू नकोस म्हणजे झालं. आण इकडे ती. गोळी काढलीस ना?

इल्मो : काढली. बोल्ट पण बाहेर आहे.

काउको : मघाशी तू तिकडे शिव्या घालत होतास ना, तेव्हा मी बाजूच्या पट्ट्यावर वाळूच्या पोत्यावर ठेवून हिच्यातून चार झाडल्या. हात जवळजवळ लावलाच नाही. तरी विखुरल्या. पहिली मधोमध, मग नळी तापली तशी एक इकडे, एक तिकडे, एक देवाला.

इल्मो : म्हणजे माझा हात वाईट नाही?

काउको : या वेळी नाही.

इल्मो : मग सांगा ना बाईंना! बाई, ऐकलंत? चूक रायफलची आहे! युद्धातली ऐंशी वर्षांची म्हातारी, तिची चूक, माझी नाही!

मार्केता : म्हातारीने मागच्या वर्षी ओस्मोला चारपैकी चार दिल्या होत्या. माझ्या वहीत आहे.

काउको : तेच मला कळत नाही. पोरा, उन्हाळाभर तू हिला केलंस तरी काय?

इल्मो : सुधारली.

काउको : म्हणजे?

इल्मो : फुकटात सुधारली. तंत्रशाळा सोडल्यावर वेळच वेळ होता. आई म्हणाली, रायफलवर एक पैसा मिळणार नाही, आधी नोकरी बघ. मग मी काय, नळीतला काळा मळ काढला. युद्धापासूनचा असेल. चिंध्या काळ्या, मी काळा, आईचा टॉवेल काळा. तीन दिवस घासत होतो. मग नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तिरकी वाटली, म्हणून हातोडीने ठोकून सरळ केली.

काउको : तिरकी वाटली?

इल्मो : हो.

काउको : ओस्मोने ती मुद्दाम तिरकी केली होती.

इल्मो : ते मला पण कळलं. पहिल्या गोळीला शेजाऱ्यांचं धुराडं थोडक्यात वाचलं—

मार्केता : धुराडं?

इल्मो : म्हणजे तसं नाही बाई. दिशा सांगितली फक्त. परत ठोकून होती तशी केली. मग दस्त्याच्या मागे सायकलची ट्यूब कापून लावली, खांद्याला लागू नये म्हणून. इंटरनेटवर एक दाढीवाला आहे, तो सांगतो, जुन्या रायफलची नळी लाकडाला कुठेही लागता कामा नये. लागली की नेम गेला. म्हणून लाकूड काढलं, आतून घासलं, डांबराचं तेल दिलं. आता नळी आणि लाकूड यांच्यातून कागद सरळ जातो. बघा. कुठे अडत नाही.

काउको : अडत नाही खरं. पुढच्या टोकाला पण नाही. इथे आत काही नव्हतं?

इल्मो : होती ना, घाण. ग्रीस. मेलेल्या मुंग्या. आणि झाडाच्या सालीचा एक तुकडा अडकला होता.

काउको : कसली साल?

इल्मो : भूर्जाची.

काउको : अडकला होता, का बसवला होता?

इल्मो : … चौकोनी होता जरा.

काउको : चौकोनी. कडा कापलेल्या?

इल्मो : कापलेल्या होत्या. आजा, असं बघू नका माझ्याकडे.

काउको : कुठाय तो?

इल्मो : तेव्हा शनिवार होता.

काउको : इल्मो.

इल्मो : भूर्जाची साल हातात असली, शनिवार असला, तर माणूस काय करतो? तुम्ही काय केलं असतं?

काउको : शनिवारच्या वाफेच्या आंघोळीचा सौना पेटवलास त्या सालीने.

इल्मो : एका काडीत पेटला! ग्रीस लागलेलं होतं ना. आई म्हणाली, आज काय झटकन पेटला रे!

(काउको खाली बसतो. बराच वेळ खांदे हलतात. मग तो डोळे पुसतो.)

इल्मो : हसताय, का रडताय?

काउको : ठरवतोय. अरे गाढवा, ती साल बसवायला तुझ्या आजोबाला तीन हिवाळे लागले. ही नळी मोकळी सोडली की थरथरते, तापली की भरकटते. टोकाला खालून जरा आधार लागतो तिला. पहिल्यांदा ओस्मोने कॉफीचं पाकीट घडी करून घातलं. मग चामडं. मग स्वतःचा मोजा कापून. मोजा घातला तेव्हा तुझी आजीसुद्धा त्याच्याशी बोलेना, एवढा वास. शेवटी भूर्ज. पापुद्रा सोलायचा, चार गोळ्या झाडायच्या, परत एक सोलायचा.

इल्मो : आणि मी त्याने पाठ शेकली.

मार्केता : त्यावर काही लिहिलेलं नव्हतं? ओस्मो सगळ्यावर लिहायचा. फावड्यावर पण.

इल्मो : आतल्या बाजूला होतं काहीतरी. पेन्सिलने.

मार्केता : काय?

इल्मो : वाचलं नाही.

मार्केता : नाही वाचलंस.

इल्मो : बाई, लिहिलेलं वाचायची सवय असती तर मी शाळेत नसतो का?

काउको : मी सांगतो काय होतं. माझ्या समोर लिहिलंय, माझ्याच स्वयंपाकघरात. "हात लावू नकोस, मूर्खा."

इल्मो : … माझ्यासाठी?

काउको : तुझा तेव्हा बाप पण जन्मला नव्हता. स्वतःसाठी! नेम जमला की आठवड्याभरात त्याला वाटायचं, अजून थोडं करून बघू. की उघडलाच दस्ता, की गेला नेम. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, ओस्मो, आता तरी लिहून ठेव. मग कुठे थांबला.

इल्मो : म्हणजे हे माझं डोकं—

काउको : घरचंच आहे. बाहेरून नाही आणलेलं.

मार्केता : पंचवीस मिनिटं.

काउको : चल, उठ. शेकोटीपाशी सरपण रचलंय, त्यातला भूर्जाचा ओंडका बघ. उभ्या झाडाला हात लावू नको, आधीच एक गुन्हा आहे तुझ्या नावावर. चाकू आहे?

इल्मो : आहे. किती जाड कापू?

काउको : जाडच काप. पातळ करता येतं, जाड करता येत नाही. एवढा धडा घरात कुणी शिकलं असतं तर आपण आत्ता कॉफी पीत असतो.

इल्मो : हा बघा. बसला. लई घट्ट बसलाय.

काउको : पोत्यावर ठेव. बाजूच्या पट्ट्यावर जा. चार झाड, सावकाश.

इल्मो : … एकत्र आल्या! आजा, एकत्र! पण सगळ्या वर.

काउको : एक पापुद्रा काढ.

इल्मो : अजून वर आहेत.

काउको : अजून एक. थुंकी लावू नको, फुगते. हां. आता?

इल्मो : आता… आता त्या लाकडी मूसने पहिल्यांदा डोळे मिटले बघा.

मार्केता : शेवटची तुकडी! इल्मो, नाव सांग.

इल्मो : बाई, तुम्ही मला दहा वर्षं ओळखता.

मार्केता : नियम आहे. नाव.

इल्मो : इल्मो. ओस्मोचा नातू.

मार्केता : उभा राहा. भर. नव्वद सेकंद. सुरू.

काउको : श्वास सोड आधी. दाढीवाल्याला विसर.

इल्मो : बोलू नका ना!

मार्केता : … वेळ संपली. बोल्ट काढ, बाजूला ठेव. चला, बघू या. एक आत. दोन आत. तीन आत. चौथी…

इल्मो : रेघेवर आहे.

मार्केता : मला दिसतंय.

इल्मो : रेघेवरची म्हणजे काय बाई? बोला ना. तुम्ही पाचवीत पण असंच थांबायचात.

मार्केता : पाचवीत मी दया केली होती. इथे करत नाही. रेघेला शिवली की आत, हा नियम आहे. हे घे कार्ड. आणि वाच, काय लिहिलंय ते.

इल्मो : "पास."

मार्केता : बघ, येतं की.

काउको : ये इकडे, पोरा. खडक तुझा. सकाळी तिथे वारा पाठीमागून येतो, टोपी कानावर ओढ. अरे, तिकडे काय बघत बसलास?

इल्मो : काही नाही. चारही जरा उजवीकडे पडल्यात, दिसलं तुम्हाला? म्हणजे मला वाटतं, अजून एकच, अगदी पातळ पापुद्रा काढला ना, तर बरोबर मधोमध—

काउको : मार्केता, तुझी ती पेन्सिल दे जरा.