दारावरचं काम

नाही नाही, असं धरून हलवून बघू नका, हलणारच ते — टायर नाही हलत, दार हलतंय. फरक कळला का? नाही कळला. अहो साहेब, या जीपचं मागचं दार म्हणजे काय, तर दोन पत्रे आणि मधे हवा. कंपनीनं त्यावर कंपनीचा टायर टांगायची सोय केली, बास. आणि तुम्ही आणलाय हा. शेजारी शेजारी ठेवून बघा जरा — बापलेक वाटतात. दोघांनी धापा टाकत आणलात ना आत? आणि ते बिचारं दार एकट्यानं धरून बसेल जन्मभर, असं वाटतं तुम्हाला. खालचे चारही असलेच घातलेत म्हणा. जाता कुठे एवढे, डोंगरात? — ऑफिसला. वाटलंच मला. खाचांमध्ये एक खडा अडकलेला नाही. माझ्या स्कूटरनं याच्यापेक्षा जास्त चिखल बघितलाय.

लावतात हो, लावणारे लावतात, मी कुठे नाही म्हणतोय. कसे लावतात तेही सांगतो. एवढा टायर बंपरला अडतो, मग ब्रॅकेटच्या मागे जाड चकत्या घालायच्या, म्हणजे टायर अजून बाहेर. जेवढा बाहेर तेवढी ओढ जास्त — भरलेली बादली हात लांब करून धरा, लगेच कळेल. मग दार खाली बसतं, लागत नाही. मग काय करतात हे शहाणे? बिजागरीखाली वॉशर. एक घाल, दोन घाल, तीन घाल, की दार खटकन लागलं. गिऱ्हाईक खूश. आणि लावणारा स्वतःवरच खूश, काय डोकं चालवलं म्हणून. अक्कल गहाण ठेवलेली माणसं, दुसरं काय.

खरी पद्धत एकच. खालून चॅसिसला धरून लोखंडाचा वेगळा हात काढायचा, टायर त्या हातावर, दाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही पद्धत दादाची. दादा म्हणजे थोरला भाऊ माझा, गॅरेज त्याचंच. चार दिवस लागतात. लोकांकडे चार दिवस नसतात. त्या दाताच्या डॉक्टरकडेही नव्हते — होता एक, हिरव्या जीपवाला. शनिवारी फिरायला जायचं होतं त्याला, आणि दादा नेमका वहिनीच्या माहेरी, तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. तर हा मला काय विचारतो? म्हणे, थोरल्यांशिवाय तुम्हाला नाही का जमणार? आता हे काय विचारणं झालं? बावीस वर्षं मी या गॅरेजात, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो दादा कुठेत. दुपारपर्यंत लावून दिला. मी. हो, मीच लावला, माझ्या तोंडाकडे काय बघताय.

पुढे काय व्हायचं? महिन्याभरानं ड्रायव्हर घेऊन आला गाडी, दार कुरकुरतंय म्हणून. दादा वर होता, मी त्या खड्ड्यात, दुसऱ्या गाडीखाली. वरून ओरडला, हे कुठल्या गाढवानं लावलंय रे? मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की उघडू नकोस. आणि तोंडातून निघालं काय, तर — बाहेरून कुठून तरी करून घेतलं असेल. त्यानं उघडलं. वरची बिजागरी पत्र्यासकट निघाली. दार, टायर, सगळं त्याच्या उजव्या हातावर, आणि हाताखाली बंपरची कड. मनगटापासून काढावा लागला. तो वेल्डिंग करायचा ना, तर जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागायचं.

सहा वर्षं झाली. वहिनी अजून त्या बाहेरच्या मेकॅनिकला शिव्या घालते, तिच्याबरोबर मीही घालतो. दादा तेवढा नाही घालत. पण त्याला कुठून कळणार? तो शुद्धीवर नव्हता, वॉशर मीच काढून टाकले. आणि कळलं असतं तर बोलला असता की — पाना जागेवर नसला तरी अर्धा तास बोलतो तो. त्याच्या पोटात काही राहत नाही. नाहीच कळलेलं त्याला. तुम्ही पण उगाच माणसाला बोलायला लावता.

तर चार दिवस. ठेवायची तर ठेवा गाडी, नाहीतर उचला टायर आणि चला. आणि मघापासून काय मधे मधे सांगताय, सांगा एकदाचं. — तासाभरात होईल असं कुणी सांगितलं? बाहेर खुर्चीत बसलेत त्यांनी? अहो, तो दादाच. तो कसा म्हणेल, तो दारावर लावतच नाही. काय म्हणाला नक्की? नाही, तुमच्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांगा.

"दारावरचं काम मला येत नाही, धाकट्याला येतं. त्यालाच विचारा."

हसत म्हणाला का? — नुसतंच म्हणाला.

बरं.

किल्ली ठेवा तिथे. टायर राहू दे. आणि पुढून नका जाऊ, त्याच्यासमोरून. ते मागचं शटर उघडं आहे, तिकडून जा. — अहो, जा म्हटलं ना.