नमिताच्या लग्नातली पिशवी

...आता यात विलासचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! माणूस रोह्याच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून वरसे गावात घरी येतो आणि बघतो तर आई मोरीपाशी भिंत धरून उभी, म्हणते, "घर फिरतंय रं." घर कशाला फिरतंय? उचलली आणि नेली डॉक्टरकडे. डॉक्टरांनी बीपी मोजलं, परत मोजलं, म्हणाले, "चिमाआजी, इतकं खाली? गोळ्या कसल्या घेता?" तर ही म्हणते, "ह्यांच्याच. उरल्यात ना." ह्यांच्या म्हणजे कुणाच्या? मारुतीबाबांच्या, विलासच्या वडलांच्या, जे दिवाळीच्या आधी गेले! बीपी होतं त्यांना, गोळ्या त्यांच्या, आणि त्यांच्यामागे घेतेय ही, रोज सकाळी, चहाबरोबर. का? "चांगल्या गोळ्या हायेत. वाया कशाला घालवायच्या?"

तुम्हाला सांगतो, औषध म्हणजे काय शिळी भाकरी आहे, तव्यावर परतली की झालं? डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा घेतल्या तर आई एक दिवस पडेल ती उठायची नाही. बाप नुकता गेला, आता ही? ठरलं, गोळ्यांची पिशवी घरातनं गेलीच पाहिजे.

आता पिशवीचं ऐका, कारण सगळी भानगड तिचीच. विलासची बहीण नमिता, तिच्या लग्नात पाव्हण्यांना नारळ द्यायला छापलेली. जाड कापड, एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला 'मोकल परिवार, वरसे' आणि खाली विलासचा मोबाईल नंबर. हौस! त्यातलीच एक उरलेली, तिच्यात बाबांची सगळी औषधं, खुंटीला टांगलेली.

विलास ती घेऊन मेडिकलवाल्याकडे. "दादा, कापलेलं पाकीट आम्ही परत नाय घेत." बरं, मग नदीत टाकू? तर तेच पाणी उद्या नळाला, म्हणजे अख्खं गाव मारुतीबाबांच्या गोळ्या घेणार! शेवटी आईचा डोळा चुकवून घंटागाडीत टाकली. सुटलो म्हणून अंघोळीला गेला, डोक्यावर तांब्या ओततोय तोच दारात हाक, "दादा, आईची औषधं कचऱ्यात गेली होती वो! बरं तं बरं, नाव होतं." गाडीवरची बाई. घाम पुसत, हसत. तिला काय बोलणार? पिशवी परत आली.

मग रविवारी नमिताकडे पेणला जायचं निमित्त काढलं, पिशवी कपड्यांच्या बॅगेत खाली दडपली, आणि येताना तिथल्याच रामवाडीच्या स्टँडवर इकडं तिकडं बघून ठेवली कचऱ्याच्या डब्यात. रोह्याच्या गाडीत खिडकी मिळाली, वारा लागला, गडी खूश. तेवढ्यात कंडक्टर पिशवी उंच धरून ओरडतो, "वरशाचे मोकल कोण? चहावाल्याने दिलीय, डब्यात पडली होती म्हणे. औषधं हायेत, लक्ष ठेवत जा!" अख्खी गाडी वळून बघतेय. पिशवी परत आली, तीसुद्धा त्याच गाडीनं!

आता तुम्ही म्हणाल, पिशवी बदलायची अक्कल नव्हती का? नव्हती! घाबरलेल्या माणसाला असते का? त्यानं गाडीतूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "पाकिटातनं गोळ्या काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, म्हणजे माणूसही खाणार नाही आणि गुरंही. घट्ट बांधून कचऱ्यात द्या. आणि विलासराव, पिशवी बिननावाची घ्या."

घरी आला. आई रिकाम्या खुंटीखाली बसलेली. पिशवी दिसली तशी हात पुढं केला. विलासला सहन झालं नाही, म्हणाला, "आई, जीव जाईल गो तुझा! वाया गेल्या तर गेल्या!"

ती म्हणाली, "वायाचं नाय रं. रोज सकाळी मी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवायची. आता काढते... आनि द्यायला कोन नाय. मंग मीच घेते."

विलासला वाटलं होतं आई काटकसर करतेय, आणि ती तर अजून बाबांनाच गोळी देत होती. त्यानं चोथ्याचं पातेलं तिच्यापुढं ठेवलं, म्हणाला, "मग आज सगळ्या तूच काढून दे त्यांना." आणि म्हातारीनं एकेक गोळी अंगठ्यानं दाबून काढली, पातेल्यात सोडली, प्रत्येक वेळी हळूच म्हणाली, "घ्या." विलास शेजारी बसून डोळे पुसत होता. कालवलं, बांधलं, बिननावाच्या पिशवीतनं सकाळी गेलं. परत आलं नाही. आईचं घर फिरायचं थांबलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती, हो की नाही? पण नमिताच्या लग्नातली पिशवी टाकू दिली नाही हो तिनं! नवीकोरी, वाया कशाला घालवायची? धुतली, वाळवली, आणि नळावर बायकांना सांगून आली, "आमच्या विलासला औषधं टाकायची रीत येते." झालं. पिशवी गेली शेजारच्या शकूकडे, शकूकडनं तिच्या जावेकडे, आळीभर फिरली, आणि घराघरातलं उरलेलं औषध तिच्यात पडत गेलं. कुणाचं खोकल्याचं, कुणाचं गुडघ्याचं, कुणाच्या सासऱ्याचं...

पुढच्या रविवारी विलास दार उघडतो तर पायरीवर गणपती, मोकल परिवार आणि स्वतःचा मोबाईल नंबर. गळ्यापर्यंत भरून पिशवी परत आली.

त्यानं पिशवीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पायरीवरच बसला.

"चहा ठेव गो आई," म्हणाला. "मोठ्या पातेल्यात. चोथा लई लागंल."