कागदी झेंडूचा हार

स्क्रॅपबुक करताय ना, मग फुलं जरा जपून चिकटवा. मी करमाडच्या आत्यासाठी एक केलं होतं, प्रत्येक फोटोखाली दोन ओळींची आठवण लिहून. तिच्या फोटोभोवती कागदी झेंडूचा हार चिकटवला, तर आई भडकली. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात व्हय गं?"

मी हार अलगद सोडवला आणि वाया जायला नको म्हणून शेजारच्या कोऱ्या पानावर लावला.

आत्या आली. पानं उलटता उलटता त्या हारापाशीच थांबली. चष्मा पुसून तिनं पुन्हा बघितलं.

"ह्या फोटोखाली काहीच लिहिलं नाय?"

"आत्या, तिथं फोटोच नाही. नुसता हार आहे."

"मग ह्या हारात तू कशाला हसायलीस?"