शय्येवरचा गणपती

ही आमची मौनीबाई, हिला घरातल्या माणसांचं ऐकू येत नाही, पण आफ्रिकेतल्या हत्तींचं बरोबर येतं, असं काका बैठकीत यजमानांना सांगत होते आणि मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. यजमान हसले. मीही हसले, हातात ट्रे असला की मला तेवढंच येतं. काका वाईट नाहीत, ताई, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी रागात बोलेन आणि तुम्ही तेवढंच लिहाल.

आम्ही काशीतल्या दूधविनायक गल्लीतले. पणजोबांचे पणजोबा कोकणातून ब्रह्मा घाटावर वेद शिकायला आले ते परत गेलेच नाहीत. आमच्या घरी काका पौरोहित्य करतात, बाबा रेल्वेत. मला घातलं कॉन्व्हेंटात. मतलब घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मी तिन्हीकडे गप्प. शाळेत तोंडातून मराठी निघालं की मुली हसायच्या, घरात हिंदी निघालं की काकू टोकायची, आणि नाशिक-पुण्याचे पाहुणे आले की म्हणायचे, हिची मराठी गोड आहे हो, लहान मुलाची असते ना तशी. मग मी बोलणं कमी केलं आणि ऐकायला लागले. आजही जिन्यावर कोण चढतंय ते मी पायांवरून सांगते. काका डाव्या पायावर जोर देतात.

तर अशा मुलीला अशीच नोकरी मिळाली. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र केलं, पुढे काय करावं कळेना, तेव्हा एका छोट्या संस्थेचं काम आलं. आफ्रिकेच्या मधल्या भागात दाट जंगल आहे, तिथे जंगलातले हत्ती राहतात, मोठ्या मैदानातल्या हत्तींपेक्षा बुटके, कान गोल, आणि ते झाडीत दिसतच नाहीत. दिसत नाहीत म्हणून मोजता येत नाहीत, मोजता येत नाहीत म्हणून मेलेले कळत नाहीत. म्हणून झाडांवर डब्या बांधतात, आवाज भरून घेणाऱ्या. दर काही महिन्यांनी कोणीतरी चालत जाऊन त्यातली कार्डं काढून आणतं, आणि ते आवाज मी इथे छतावरच्या खोलीत हेडफोन लावून ऐकते. कॉम्प्युटर आधी खुणा करतो, इथे काहीतरी आहे म्हणून, आणि मी ठरवते ते काय आहे. फांदी मोडली, वीज पडली, की गोळी. गोळीचा आवाज एकदम उभा राहतो आणि मग लांबवर घरंगळत जातो. हत्तींचं आपसातलं बोलणं इतकं खालच्या सुरात असतं की आपल्याला ऐकूच येत नाही, पडद्यावर नुसता पट्टा दिसतो, वेग वाढवून ऐकलं तर कळतं.

पहिली गोळी ऐकली तेव्हा मी उठून खिडकी लावली. काय सांगू तुम्हाला, आफ्रिकेतली गोळी आणि मी दूधविनायकात खिडकी लावतेय.

आणि खरा त्रास पुढे आहे. मी ऐकते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं, कार्ड माझ्यापर्यंत पोचायला महिने जातात. मागच्या वर्षी एका कार्डावर लागोपाठ गोळ्या होत्या. त्याच्या आधी पडद्यावर मोठ्या हत्तिणीचा पट्टा होता, जाड, शांत, नंतर तो नाही. नंतर फक्त पिल्लू. ते ओरडत होतं, थांबत होतं, परत ओरडत होतं, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मधे पाऊस पडून गेला तरी. डबीला काय, ती आपली भरून घेतेय. फॉर्ममध्ये आवाजाचा प्रकार लिहायचा असतो, त्यात पिल्लू नव्हतं, इतर होतं. मी इतर लिहिलं. आणि खाली काकू हाक मारत होती, गौरी, दूध आलंय, पातेलं आण. मी पातेलं घेऊन गेले. कोणाला सांगणार, आणि कुठल्या भाषेत?

काम वाया जात नाही, तेही सांगते. गोळ्या कुठे आणि कोणत्या वेळी सुटतात ते कळलं की तिथले पहारेकरी गस्तीची वाट बदलतात. ते पिल्लू ओरडत होतं त्या दरीतल्या पुढच्या कार्डात गोळ्या नव्हत्या. पण राग जात नाही हो. आपण देवाला हत्तीचं तोंड लावलं, त्याच्यापुढे मोदक ठेवले, आणि इथेच गल्लीत ग्रहपीडेवर म्हणून हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी मिळते, ती घालूनच लोक आरतीला उभे राहतात. कोणाला त्यात काही खुपत नाही.

आता त्या दिवसाचं. यजमान नाशिककडचे, पण वडलांची सगळी हयात आफ्रिकेत लाकडाच्या धंद्यात गेली. वडील वारले, अस्थी घेऊन मुलगा काशीला आला. मणिकर्णिकेच्या पुढे नाव थांबवून अस्थी सोडल्या, आणि शय्यादान आमच्या बैठकीत ठरलं. शय्यादान म्हणजे, ताई, गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू पलंगावर मांडून पुरोहिताला देतात, तिकडे त्याला काही कमी पडू नये म्हणून. गादी, छत्री, चपला, तांब्या, चष्मा. मांडामांड मीच करते, लहानपणापासून, कारण त्यात बोलायचं नसतं.

चहा ठेवून मी चादर ओढत होते. यजमानांनी पिशवीतून पंचा काढला, त्यात गुंडाळलेला गणपती काढला आणि वडलांच्या चष्म्याशेजारी ठेवला. वीतभर उंच, हस्तिदंताचा. मी म्हटलं, मनात, जुना असेल, घराण्यातला. तर ते काकांना सांगायला लागले, गुरुजी, हा साधा नाही, ही गुलाबी झाक बघा, ही मैदानातल्या हत्तीला नसते, हा दाट जंगलातला, दात कडक असतो, कोरायला कारागीर रडतो. वडलांनी शेवटच्या वर्षी तिथेच करून घेतला, देव्हाऱ्यात बसवायचा राहिला.

शेवटच्या वर्षी. मी उशी हातात धरून तशीच उभी.

आणि काका, माझे काका, आनंदून म्हणाले, वा वा, म्हणजे हा आमच्या मौनीबाईचाच की, हिच्याच हत्तींचा, हिच्या टेबलावर ठेवू, हिच्या कामाला पावेल. त्यांनी खरंच प्रेमानं म्हटलं. मला त्याचाच जास्त राग आला. दोन वर्षं मी वर बसून काय ऐकते ते या घरात कोणी विचारलं नव्हतं.

आता आमच्या घरचा एक नेम सांगते. लोखंडाचं आणि काळ्या तिळांचं दान आम्ही घेत नाही, पणजोबांपासून. काका म्हणतात, दान घेणं म्हणजे वस्तूबरोबर तिचं पाप घेणं, म्हणून प्रत्येक दानानंतर ते जपाला बसतात. आणि नाकारायचं तर पाणी पडायच्या आधी नाकारायचं. यजमान संकल्प करून हातावरचं पाणी पुरोहिताच्या हातात सोडतो, ते पडलं की संपलं, वस्तू तुमची आणि पापही तुमचं. हे मला त्यांनीच शिकवलंय, मी सहा-सात वर्षांची असताना, शेवेचा लाडू देऊन.

संकल्प सुरू झाला. यजमानांच्या ओंजळीत पाणी आणि तुळशीचं पान, काकांचा उजवा हात पुढे. मला माहीत होतं संकल्प किती लांब असतो. गोत्र झालं. नाव झालं. माझ्या कानात ते पिल्लू, आणि मी मोजतेय, अजून इतके शब्द, अजून इतके. आत्तापर्यंत सगळं होऊन गेल्यावर ऐकलं होतं मी. हे अजून व्हायचं होतं.

मी बोलले.

पुढचं आधी सांगते. काकांनी हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, पण घेतला. यजमान लालबुंद झाले, म्हणाले, गुरुजी, मुलींना डोक्यावर बसवलंत. पलंग उचलून दोन गल्ल्या पलीकडे गेले, तिथे दुसऱ्या कोणी हात पुढे केला. मी दुपारी वन विभागात फोन केला, हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत, ते म्हणाले, देख लेंगे. दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. अजून बघतच आहेत. म्हणजे तो गणपती या शहरात कुठेतरी हळद-कुंकू लावून बसलाय, आणि मी भाजी आणायला जाते तेव्हा प्रत्येक उघड्या दारातून आत बघते. राग गेला असं लिहू नका.

काका चार दिवस बोलले नाहीत. काकू म्हणाली, यजमान तोडलास, आता काय. पाचव्या दिवशी जिन्यावर पाय वाजले, डाव्यावर जोर. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, लाव ते कानाला, मलाही कळू दे. मी ते कार्ड लावलं. हत्तिणीचा पट्टा दाखवला, तो कुठे थांबतो ते दाखवलं, मग पिल्लू. त्यांनी बराच वेळ ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला, खाली गेले आणि नळाखाली डोक्यावरून आंघोळ केली, आपल्यातलं कोणी गेल्याची बातमी आली की करतात तशी.

तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय काय बोललीस म्हणून. फार नाही बोलले, आणि मराठीतच बोलले, जशी येते तशी. मी म्हटलं, काका, हात मागे घ्या, शय्येवर गेलेल्या माणसाच्याच वस्तू मांडतात ना, मग हा दात यांच्या वडलांचा नाही, ज्याचा आहे तो वेगळाच मेलाय, आणि त्याच्यासाठी कोणी घोटभर पाणीसुद्धा सोडलेलं नाही.