हनुवटीचा फोटो आणि मित्राचा राग

मंडळी, आधी एक सांगा. खरं बोलून पाप लागतं का? — नाही म्हणता? इतक्या झटकन? पेटीवाले, तुम्हीसुद्धा मान हलवलीत! बरं. मग ऐका.

रेवदंड्याच्या बाजूला एक गाव. आपल्या बेने इस्रायल ज्यू लोकांची तिथं आता मोजकीच घरं उरलीत. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला पुढे उभे राहायचे रहमीमकाका चेऊलकर. वय ऐंशीच्या पुढचं, पण आवाज खणखणीत. आणि हनुवटी कशी? गुळगुळीत! दर शुक्रवारी, शनिवारच्या पवित्र शब्बाथच्या आधी, वस्तरा फिरवायचे. बापानं केलं तसं त्यांनी केलं.

काकांचा मुलगा सॅमसन, जहाजावर इंजिनियर. त्याचा जिवलग मित्र हनोख झिराडकर. हनोख लहानपणी अर्धा वेळ चेऊलकरांच्याच घरी असायचा, सॅमसनच्या आईच्या, मिल्काकाकूंच्या हातच्या करंज्या खात. मोठेपणी फोनवर रब्बींची, धर्मगुरूंची व्याख्यानं ऐकायला लागला. चांगलंच आहे की! पण ऐकलेलं पोटात राहीना.

समाजाचा एक ग्रुप होता फोनवर. तिथं एकदा वाद पेटला — दाढीला वस्तरा चालतो का? कात्री चालते का? मशीन चालतं का? ठाण्याचे लिहितात, इस्रायलला गेलेले तिकडून लिहितात. कोणी कोणाला अडाणी म्हणतो, कोणी ढोंगी म्हणतो. आणि शेवटी सगळे लिहितात काय? — ‘शालोम’! म्हणजे शांती!

त्या भरात हनोखनं एक फोटो टाकला. कोणाच्या तरी लग्नातले रहमीमकाका. हनुवटीभोवती लाल गोल. खाली लिहिलं, ‘वस्तऱ्यानं दाढी करणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना म्हणतो. हे चालतं का?’

आता मंडळी, शास्त्रात वस्तऱ्याला मनाई आहे, कात्री-मशीन बरेच जण चालवून घेतात, हे खरं. हनोख खोटं बोलला नाही. पण आपल्याच जुन्या शहाण्यांनी हेही सांगितलंय, की चारचौघांत लाजवून माणसाचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. ते कोणी ग्रुपवर टाकलं का? नाही. अंगठे टाकले. बोटं दुखेपर्यंत अंगठे!

पुढच्या शब्बाथला काका शेवटच्या बाकावर बसले. लोक म्हणाले, “पुढे या ना.” ते म्हणाले, “घसा बरा नाही.”

तो घसा बरा झालाच नाही. हिवाळ्यात काका गेले. फोटोमुळे गेले असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं. पण गेले ते शेवटच्या बाकावरून गेले.

सॅमसन जहाजावरून आला. बापाला माती दिली, सुतक पाळलं. दाढीला हात लावला नाही. तीस दिवस झाले, तरी लावला नाही. कारण आई-बापाच्या सुतकाचा नियम वेगळा आहे. तीस दिवसांनंतरही मुलानं आपणहून दाढी काढायची नाही — मित्र येऊन रागावेपर्यंत! काय सुंदर नियम आहे बघा. रागावणारा मित्र असावा, हे शास्त्रानंच धरून चाललंय.

इकडे कंपनीचा फोन आला. सोमवारी जहाजावर हजर व्हा. आगीच्या वेळी तोंडावर चढवायचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, म्हणून दाढी काढून या. नाहीतर जागा दुसऱ्याला. घर त्याच पगारावर चालायचं.

मावसभाऊ म्हणाला, “काढ रे दाढी, मी रागावतो तुला.”

सॅमसन म्हणाला, “तू भाऊ आहेस. माझा मित्र एकच आहे.”

गावाला कळलं कोण ते. ग्रुपलाही कळलं. आणि ग्रुपवर काय सुरू झालं? फोनवर रागावलं तर ते रागावणं धरायचं का, यावर वाद! हसू नका. हनोखनंही तेच केलं. त्यानं लिहिलं, ‘सॅमसन, आता दाढी काढ.’ सॅमसननं वाचलं. फोन पालथा ठेवला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मिल्काकाकू मुलाकडे बघत आणि आत जात.

रविवारी सकाळी हनोख दारात येऊन उभा राहिला. जो अख्ख्या ग्रुपसमोर काकांना बोलला, त्याला शब्द सुचेना!

सॅमसन म्हणाला, “रागाव.”

“कुठल्या तोंडानं?”

“ते तुझं तू बघ. उद्या माझं जहाज आहे.”

तेवढ्यात मिल्काकाकू बाहेर आल्या. हातात दाढीचं मशीन. म्हणाल्या, “हनोख, हे ह्यांचं. तुझा फोटो बघितला आणि दुसऱ्याच दिवशी अलिबागला जाऊन आणलं. वस्तरा टाकून दिला.”

“मग काका पुढे का नाही आले?”

“लाज वाटली. म्हणायचे, पोरगा बरोबर बोलला. घरी येऊन बोलला असता तरी मी ऐकलं असतं. चहासुद्धा पिऊन गेला असता.”

हनोख उंबऱ्यावरच खाली बसला आणि रडला. पोटभर रडला. मग डोळे पुसून उठला, सॅमसनसमोर जाऊन म्हणाला, “पुरे झालं. बापासाठी किती दिवस असा बसणार? आईकडे बघ जरा. दाढी काढ आणि कामाला जा.”

सॅमसननं मशीन त्याच्याच हातात दिलं. मान वर केली.

सोमवारी सॅमसन जहाजावर गेला. पण मंडळी, रहमीमकाकांना पुढे या म्हणायला हनोखला आता कुठे जाता येणार? कबरीपाशी जातो. तिथं कोणी उत्तर देत नाही.

म्हणून विचारतो — तुमच्या खिशातल्या फोनात कोणाच्या हनुवटीला लाल गोल आहे? असेल ना एखादा? त्या माणसाचं घर ठाऊक आहे ना? तो जिवंत आहे ना अजून? मग आजचं देवाचं नाव इथं बसून घेऊ नका. उठा, त्याच्या दारात जा. पहिलं वाक्य सुचणार नाही. तरी जा.